कमी किमतीची इलेक्ट्रिक गिटार कशी पारखावी

कमी किमतीची इलेक्ट्रिक गिटार वाजवायला वाईटच असणार, अशी परिस्थिती आता राहिलेली नाही. मात्र या किमतीत प्रत्येक नगावर शेवटचा हात फिरवायला कारखान्यात फारसा वेळ दिला जात नाही, आणि त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गिटारींमध्येही हाताला जाणवेल इतका फरक पडू शकतो. म्हणून मॉडेलविषयी वाचलेल्या मतांवर विसंबून न राहता समोरचा नग पारखावा, आणि दिसलेला प्रत्येक दोष साध्या स्क्रूड्रायव्हरने सुटणारा आहे की लाकडात आणि फ्रेटमध्ये (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमध्ये) मुरलेला आहे, हे ठरवत जावे.

सुरुवात नेकपासून, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यापासून करावी. पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबकी भाग), पोटेन्शिओमीटर (नॉबखालचे भाग), खुंट्या हे सगळे पुढे बदलता येते. नेक बिघडलेला असेल तर गिटार घेण्यात अर्थ उरत नाही. गिटार सुरात लावून, हेडस्टॉककडून (खुंट्या असलेल्या टोकाकडून) ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाच्या) दिशेने एक डोळा मिटून फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा पाहाव्यात. तारांच्या ताणामुळे नेक पुढे किंचित झुकलेला असणे योग्यच आहे, पण एक कड झुकलेली आणि दुसरी सरळ दिसत असेल तर नेकला पीळ पडलेला आहे, आणि नेहमीच्या ट्रस रॉडने (नेकचा झुकाव बदलणाऱ्या आतल्या सळईने) पीळ निघत नाही. झुकाव मोजण्यासाठी सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे साधे दोन-तीन कागद एकावर एक ठेवल्याइतकी फट असावी. ती कमी-जास्त असल्यास ट्रस रॉड फिरवून दाखवण्यास सांगावे, कारण तो प्रत्यक्ष काम करतो की नाही हे विकत घेण्यापूर्वीच कळलेले बरे.

यानंतर अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची पाहावी. बाराव्या फ्रेटवर पहिल्या (सर्वांत बारीक) तारेखाली सुमारे दीड आणि सहाव्या तारेखाली सुमारे दोन मिलिमीटर अंतर बहुतेकांना सोयीचे पडते. तारा याहून बऱ्याच उंच असतील तर तिथे विशेष सावध राहावे, कारण उंच अ‍ॅक्शनमुळे असमान फ्रेट झाकले जातात आणि घरी तारा खाली आणल्यावर खरखर सुरू होते. त्यामुळे तारा आधी हव्या त्या उंचीवर आणून घ्याव्यात आणि मगच, अ‍ॅम्प्लिफायर न जोडता, प्रत्येक तारेवरचा प्रत्येक स्वर सावकाश वाजवावा. एकाच ठिकाणी खरखर आली तर पुढचा एखादा फ्रेट वर आलेला असतो. फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर आली तर बहुधा नेक जरुरीपेक्षा सरळ झालेला असतो, आणि हा दोष ट्रस रॉडने सुटतो. बाराव्या फ्रेटच्या पुढे पहिली आणि दुसरी तार एक पूर्ण स्वर चढेल इतकी ओढून पाहावी. ओढताना आवाज मध्येच घुसमटून तुटला तर फ्रेट घासून समतल करावे लागतील, आणि त्या कामाचा खर्च गिटारच्या किमतीत धरूनच निर्णय घ्यावा.

नटकडे, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीकडे, फारसे कुणी पाहत नाही, आणि नवशिक्यांना सर्वाधिक त्रास तिथेच होतो. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबली असता पहिल्या फ्रेटवर जेमतेम दिसेल इतकीच फट राहिली पाहिजे. नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड विनाकारण जड जातो, स्वर चढे लागतात, आणि शिकणारा बिचारा आपल्या बोटांना दोष देत बसतो. खाचा खोल करता येतात, मात्र ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. खुंटी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज आला तर तार खाचेत अडकते आहे असे समजावे.

इंटोनेशन, म्हणजे नेकवर सगळीकडे स्वर सुरात लागतात का, हे तपासण्यासाठी तारा नव्या हव्यात. जुन्या तारा चांगल्या गिटारलाही बेसूर ठरवतात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसते टेकवून वाजवलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो तुकडा) मागे, उतरा असेल तर पुढे सरकवावे लागते. तसे सरकवायला स्क्रूवर जागा उरली आहे का, हेही बघावे.

आवाज ऐकताना डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा परिणाम) पूर्ण बंद ठेवावे. स्वच्छ आवाजात पिकअप निवडण्याच्या स्विचची प्रत्येक जागा तपासावी, व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब शून्यापासून शेवटपर्यंत फिरवावेत, आणि जॅकमधली वायर हलकेच हलवून आवाज तुटतो का ते पाहावे. नॉबची खरखर बहुतेकदा धुळीची असते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. सिंगल कॉइल (तारेच्या एकाच गुंडाळीच्या) पिकअपमध्ये विजेची थोडी घरघर असणारच. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप विकसित केला तो याच घरघरीवर उपाय म्हणून. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे. जाड तारांवरचे वरचे स्वर थरथरत, डळमळीत ऐकू येत असतील तर पिकअपचे चुंबक तारांच्या फार जवळ आलेले असतात. पिकअप स्क्रूने थोडा खाली घेतला की आवाज मोकळा होतो.

शेवटी तारा हाताने हलक्या ओढून ताणाव्यात, गिटार पुन्हा सुरात लावावी आणि पट्टा अडकवून, उभे राहून पंधरा-वीस मिनिटे वाजवावी. डावा हात सोडल्यावर हेडस्टॉक खाली झुकत असेल तर तो भार रोज खांद्यावर आणि मनगटावर येणार आहे. ट्रेमोलो (तारांचा ताण क्षणभर बदलणारी ब्रिजवरची दांडी) असल्यास तो दाबून सोडावा आणि खुंट्यांना हात न लावता पुन्हा ट्यूनर पाहावा. सूर उतरला असेल तर खुंट्या बदलण्याचा विचार करण्याआधी नटच्या खाचा तपासून घ्याव्यात. बहुतेक वेळा तार तिथेच अडकलेली असते.