एकच गाणं, एकच सभागृह, दोन ड्रमर: आयर्न मेडनच्या क्लाइव्ह बर आणि निको मॅकब्रेनची तुलना कशी करावी

बँडचा ड्रमर बदलला की चाहत्यांचा वाद ठरलेला: आधीचा चांगला की नवा? बहुतेक वेळा हा वाद चुकीच्या रेकॉर्डिंगवरून होतो. एकाचा स्टुडिओतला अल्बम घेतला जातो आणि दुसऱ्याचा वीस वर्षांनंतरचा मैदानातला कार्यक्रम. मग कानाला जाणवलेला फरक ड्रमरचा, मायक्रोफोनचा की मिक्सिंग करणाऱ्याचा, हे सांगताच येत नाही. खरी तुलना करायची तर ड्रमर सोडून बाकी जवळजवळ सगळं सारखं असलेली रेकॉर्डिंग लागतात. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या बाबतीत ती मिळतात, म्हणून शिकायला हे उदाहरण उत्तम.

आधी कोण कधी होतं ते बघू. १९७९ च्या ‘द साउंडहाउस टेप्स’वर डग सॅम्पसन होता. त्या वर्षाच्या अखेरीस क्लाइव्ह बर आला आणि १९८०, १९८१, १९८२ चे पहिले तीन अल्बम त्याने वाजवले. १९८२ च्या अखेरीस निको मॅकब्रेन आला. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोमधल्या कार्यक्रमानंतर तो दौऱ्यांमधून निवृत्त झाला. २७ मे २०२५ ला बुडापेस्टमध्ये सुरू झालेल्या दौऱ्यापासून सायमन डॉसन वाजवतो आहे. बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसच्या ‘ब्रिटिश लायन’ या दुसऱ्या बँडचाही ड्रमर तोच.

कोणती रेकॉर्डिंग घ्यायची

सर्वात मोलाची जोडी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधली आहे. ‘बीस्ट ओव्हर हॅमरस्मिथ’ हा २० मार्च १९८२ चा कार्यक्रम, ड्रमवर बर. ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या १९८५ च्या दुहेरी अल्बमची चौथी बाजू ऑक्टोबर १९८४ मध्ये त्याच सभागृहात रेकॉर्ड झाली, ड्रमवर मॅकब्रेन. दोन्हीकडे गायक डिकिन्सन, बेसवर हॅरिस, गिटारवर मरी आणि स्मिथ. म्हणजे बदललेला माणूस एकच. दोन्हीकडे असलेली गाणी चार: ‘रॅथचाइल्ड’, ‘२२ अकेशिया अव्हेन्यू’, ‘चिल्ड्रेन ऑफ द डॅम्ड’ आणि ‘फँटम ऑफ द ऑपेरा’. सुरुवात ‘रॅथचाइल्ड’पासून करा. गाणं छोटं आहे आणि बेसची ओळ स्पष्ट ऐकू येते. ‘फँटम’ सात मिनिटांच्या आसपास चालतं आणि त्यात अंग सतत बदलतं, म्हणून ते शेवटी ठेवा.

एक फरक तरी उरतोच. १९८५ च्या अल्बमचं मिक्सिंग मार्टिन बर्चचं, तर १९८२ चा कार्यक्रम थेट २००२ मध्ये बाहेर आला. त्यामुळे ‘स्नेअरचा (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमचा) आवाज जाड आहे की पातळ’ यावर मत बनवू नका, त्यात ड्रमरइतकाच मिक्सरचा हात असतो. लय, ठोक्यांची जागा, कुठला ड्रम निवडला, कुठे थांबला, या गोष्टी मिक्सिंगने बदलत नाहीत. तुलना त्यांचीच करायची.

स्टुडिओतलं ऐकायचं असेल तर ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ (१९८२) आणि ‘पीस ऑफ माइंड’ (१९८३) घ्या. दोन्हींचा निर्माता बर्चच आहे. बरचा पहिला अल्बम विल मलोनने केला होता, म्हणून तो या कामाला नको. शिवाय दोन्ही अल्बम एकाच पिढीच्या रीमास्टरचे (आवाज नव्याने सुधारून काढलेल्या आवृत्तीचे) हवेत. एक १९९८ चा आणि दुसरा २०१५ चा घेतला तर जो मोठ्याने वाजतो तो ड्रमर जोरकस वाटू लागतो.

तिसरं रेकॉर्डिंग: स्वतःशी तुलना

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. एकच ड्रमर स्वतःपासून किती बदलतो हे कळल्याशिवाय दोघांमधला फरक मोजण्यात अर्थ नाही. त्यासाठी ‘एसेस हाय’ घ्या. ‘लाइव्ह आफ्टर डेथ’मध्ये ते मार्च १९८५ चं, लाँग बीचमधलं आहे. ‘फ्लाइट ६६६’ या दौऱ्याच्या चित्रपटाच्या लाइव्ह अल्बममध्ये तेच गाणं १ फेब्रुवारी २००८ चं, मुंबईतलं आहे. दोन्हीकडे मॅकब्रेनच, एकदा वय ३२, एकदा ५५. पण २००८ मध्ये बँडमध्ये तीन गिटार आहेत. गिटार मधल्या उंचीच्या स्वरांची जागा भरतात आणि स्नेअरवरचे हलके ठोके गिळतात. तेव्हा ‘पूर्वी हलके ठोके होते, आता नाहीत’ असं लिहायची घाई करू नका.

बर आणि मॅकब्रेनमध्ये सापडलेला फरक या दोन ‘एसेस हाय’मधल्या फरकाहून लहान निघाला, तर तो शैलीचा फरक धरू नये.

टेम्पो मोजणं

ठेका धरा. ठोक्यावर ‘शून्य’ म्हणत स्टॉपवॉच सुरू करा आणि ‘सोळा’वर थांबवा. ९६० ला (१६ × ६०) आलेल्या सेकंदांनी भागा, की मिनिटाला किती मात्रा ते मिळतं. ६ सेकंद आले तर १६०. ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हणून सुरुवात केली तर अंतरं १५ च होतात आणि १६० चा टेम्पो १७० च्या वर दिसतो. ‘मॅकब्रेन किती पळवतो बघा’ असले निष्कर्ष याच चुकीतून निघू शकतात.

सोळा मात्रांवर बोट ०.१ सेकंद उशिरा पडलं तरी १६० चे १५७.४ होतात. म्हणून ६४ मात्रा मोजा आणि ३८४० ला भागा. तेवढ्याच चुकीने फरक एका मात्रेहून कमी पडतो. गाण्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा मोजून तिन्ही आकडे लिहून ठेवा. सरासरी काढू नका: गाणं कुठे पुढे सरकतं, ते बहुतेकदा सरासरीत हरवतं. फिलच्या (ठेका सोडून मध्येच वाजवलेल्या छोट्या तुकड्याच्या) आधीच्या चार मात्रा आणि नंतरच्या चार मात्रा वेगळ्या मोजल्या तर आणखी कळतं.

पाय: किक ऐकताना बेस फसवतो

मेडनची ओळख म्हणजे घोड्याच्या टापांसारखी चाल. तबल्याच्या बोलात ती ‘धातिट धातिट’ अशी म्हणता येते: धा अर्धी मात्रा, ति आणि ट पाव-पाव. ही चाल मुळात हॅरिसच्या बोटांतून येते. किकही (पायाच्या पेडलने वाजणारा मोठा ड्रम) तेवढीच भरभरून वाजते आहे असा भास होतो, पण प्रत्यक्षात पाय कधी फक्त ‘धा’ वाजवत असतो. मोबाइलच्या स्पीकरवर तर हे कळायची सोयच नाही, कारण त्यात खालचे स्वर फारसे येतच नाहीत. हेडफोन हवेच.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं उघडा, ‘चेंज टेम्पो’ने वेग ५० टक्के कमी करा (स्वर उतरत नाही) आणि लो-पास फिल्टर (फक्त खालचे स्वर ठेवणारा) १२० हर्ट्झला लावा. तरीही बेस मिसळलेला राहील. म्हणून बेस एक स्वर धरून थांबलेला असेल किंवा पूर्ण थांबला असेल, असे तुकडे शोधा आणि किक तिथे ऐका. एरवी किकचा टणक ‘टक’ कानाने पकडावा लागतो. गाण्यातून ड्रम वेगळे काढणारी ॲप्स वापरत असाल तर किक आणि स्नेअरवर विश्वास ठेवा, झांजांवर नको. त्या पाण्यात बुडाल्यासारख्या येतात.

मॅकब्रेनचं खरं वैशिष्ट्य इथे दिसतं. तो एकाच पेडलवर वाजवतो. ‘पीस ऑफ माइंड’ची सुरुवातच ‘व्हेअर ईगल्स डेअर’मधल्या त्याच्या ड्रमने होते. ते गाणं तिस्र अंगाचं (मात्रेचे तीन भाग) आहे, ‘तकिट तकिट’, आणि किकचे ते भरधाव ठोके एका पायाचे आहेत. दुहेरी पेडल (दोन्ही पायांनी किक वाजवायची सोय) कसं ऐकू येतं हे तपासायला २००३ चं ‘फेस इन द सँड’ लावा. मेडनच्या गाण्यांत त्याने ते तिथेच वापरलं. दुहेरी पेडलची माळ अखंड आणि सपाट असते. एकाच पायाच्या जोडठोक्यांत एक ठोका किंचित हलका पडतो, आणि त्या उंचसखलपणातच मॅकब्रेनची चाल डुलते.

हात: फिल कुठून कुठे जातं

प्रत्येक फिलसाठी तीनच गोष्टी लिहा: किती मात्रा चाललं, कोणत्या ड्रमवर, आणि समेवर आला तेव्हा काय वाजलं.

बरची फिल बऱ्याचदा आखूड असतात आणि स्नेअरवरच सुरू होऊन स्नेअरवरच संपतात. बारीक, घट्ट, ताशाच्या तर्रीसारखी. ‘किलर्स’वरचं ‘चंगीझ खान’ ऐका, संपूर्ण वाद्यरचना त्याच्या स्नेअरवर उभी आहे. ‘गँगलँड’ची सुरुवातही ड्रमनेच आहे, आणि त्या गाण्याच्या रचनेत बरचा वाटाही आहे. फिल झाल्यावर तो लगेच ठेक्यावर परततो आणि मध्ये जागा सोडतो. ती मोकळी जागा हे त्याचं मोठं देणं आहे. मॅकब्रेनचे हात स्नेअरवरून निघून टॉमच्या (वेगवेगळ्या आकाराच्या इतर ड्रमच्या) रांगेतून फिरत जातात, त्यामुळे त्याची फिल लांब वाटतात. झांजांचा वापरही भरपूर: हाय-हॅटवरून (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) राइडवर (मोठी एकेरी झांज) तो सहज जातो. हाय-पास फिल्टर (फक्त वरचे स्वर ठेवणारा) ६००० हर्ट्झला लावून झांजा ऐका, आणि कडव्यात कुठे हाय-हॅट आहे, कुठे राइड, याची खूण करा.

पण सावध राहा. बरने रचलेली काही फिल गाण्याचाच भाग झाली आहेत. ‘रन टू द हिल्स’ची सुरुवात प्रेक्षक ड्रमवरूनच ओळखतात, ती मॅकब्रेनला बदलता येत नव्हती. म्हणून एकाच ड्रमरची त्याच गाण्याची तीन रेकॉर्डिंग ऐका आणि दोन रकाने करा. तिन्हींत तंतोतंत येतं ते ‘रचलेलं’, दर वेळी बदलतं ते ‘त्याचं स्वतःचं’. शैलीची तुलना दुसऱ्या रकान्याचीच. पहिल्या रकान्याचं श्रेय ज्याने ते आधी वाजवलं त्याला द्या.

डॉसन, आणि अलीकडची रेकॉर्डिंग

जानेवारी २०२३ मध्ये मॅकब्रेनला पक्षाघात झाला आणि उजवी बाजू बाधित झाली. त्यानंतरही तो दौऱ्यावर गेला. त्याची २०२३ आणि २०२४ मधली रेकॉर्डिंग शैलीच्या तुलनेत धरू नयेत. आजारातून उठलेल्या हाताने सोडून दिलेलं फिल ही त्याची आवड नव्हे. डॉसनची तुलना २०२२ पर्यंतच्या मॅकब्रेनशीच करा.

२०२५ च्या दौऱ्यात ‘रॅथचाइल्ड’ आणि ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ दोन्ही होती, म्हणजे हॅमरस्मिथच्या जोडीला तिसरा ड्रमर जोडता येतो. प्रेक्षकांनी मोबाइलवर घेतलेल्या चित्रणातून टेम्पो मोजता येतो, फिल कुठे आहे ते कळतं, आणि कॅमेरा जवळ असेल तर हात कोणत्या ड्रमवर गेला तेही दिसतं. हलके ठोके आणि किकचा जोर मात्र त्यातून ठरवू नका: मोबाइल मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज वर उचलतो. मोजण्याआधी मूळ गाण्याच्या स्वराशी ताडून बघा. चित्रणाचा स्वर चढा वाटला तर कुणीतरी त्याचा वेग बदललेला असू शकतो. अशा चित्रणावर घेतलेला टेम्पोचा आकडा खोडून टाका.