गोव्यात, सत्तरी-सांग्याच्या रानात घोड्यांसह मुक्काम

घोड्यावर बसून रानात फिरून येणं वेगळं आणि घोड्याला घेऊन रानात रात्र काढणं वेगळं. दिवसा लगाम तुमच्या हातात असतो. रात्री तुम्ही तंबूत असता आणि घोडा एका दोराच्या भरवशावर उभा असतो. म्हणून तयारीचा अर्धा वेळ दोराला द्या आणि उरलेल्या अर्ध्यात चारा, पाणी, तंबू बसवा.

गोव्यात घोड्यांसाठी बांधलेल्या मुक्कामाच्या जागा नाहीत. मिळते ती व्हाळाकाठची (ओढ्याकाठची) मोकळी जागा, कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागेच्या) कडेचा माळ, फार तर एखादी जुनी मांगरी (शेतातली झोपडी). संडास आपणच खणायचा, नळ नाही, मोबाइलला रेंज बेताचीच.

जागा

घाटाकडचं बरंचसं रान संरक्षित आहे. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव आणि बोंडला या अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. तिथे परवानगीशिवाय घोडा नेणं, चारणं किंवा विस्तव पेटवणं चालत नाही. त्यापेक्षा अभयारण्याच्या हद्दीबाहेर गावालगतची खासगी जमीन शोधा. भाटकाराची (जमीनमालकाची) परवानगी लेखी घ्या आणि पंचायतीच्या कानावर घालून ठेवा. हद्द कुठे संपते ते वनरक्षकाला विचारा, नकाशावर अंदाज बांधू नका. घोडा ट्रकने किंवा टेम्पोने आणायचा तर पशुवैद्याचा आरोग्य दाखला सोबत हवा. कर्नाटक किंवा महाराष्ट्रातून आणणार असाल तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचं निघायच्या बरंच आधी विचारा. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल यायला वेळ लागतो.

हंगाम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. मार्च लागला की लहान व्हाळ आटतात, पानगळीचा पाचोळा वाळून कुरकुरीत होतो आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यासकट गोव्याच्या जंगलात अनेक ठिकाणी आगी लागल्या होत्या. मार्चनंतर काजूच्या बागेत तर मुळीच उतरू नका. खाली पडून आंबलेली बोंडं घोडा आवडीने खातो आणि मग पोट धरतो. कच्च्या बियांच्या टरफलातल्या तेलाने ओठ भाजतात ते वेगळंच. त्याच बोंडांवर रात्री गवेही येतात.

आठवडाभर आधी स्वतः जाऊन पाणी बघून या. गावकऱ्याने ‘पाणी असतं’ म्हटलं तरी ते गणेशचतुर्थीच्या वेळचं की आत्ताचं, हे विचारायला हवं. डिचोली-सांगे पट्ट्यात जुन्या खाणींच्या उतारावरून येणारा लाल गढूळ व्हाळ घोड्यांसाठी सोडून द्या. गाळ आणि वाळू पोटात साठली की शूळ उठतो.

कोणते घोडे न्यायचे

कमीत कमी दोन न्या. एकटा घोडा रात्रभर खिंकाळतो, पाय आपटतो, खात नाही. न खच्ची केलेला घोडा घरीच ठेवा, कितीही गुणी असला तरी. नाल मारून घ्यायचे तर निघायच्या सात-दहा दिवस आधी, आदल्या दिवशी नको. खिळा जिवंत भागाला लागला असेल तर तोवर लंगडून कळतं. शिवाय नालबंद गोव्यात हाकेसरशी मिळत नाही. जांभ्याचे खडे नालेत आणि तळव्याच्या खाचेत अडकतात, म्हणून खूर साफ करायची आकडी खिशात ठेवा, सामानाच्या तळाशी नको.

दोराला बांधून उभं राहायची सवय आधी घरी लावा. किमान तीन रात्री, त्यातली एक तरी ताडपत्री फडफडत असताना आणि डोक्याला बॅटरी लावलेला माणूस आजूबाजूला फिरत असताना. घरी जो घोडा दोर ओढून मागे सरतो तो रानात दोर तोडतो.

चारा, चंदी, पाणी

३५० किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा लागतो. दोन घोडे आणि तीन दिवस म्हणजे ४२ किलो, वर चार-पाच किलो जास्तीचा. सगळा घरून न्या, घरी जो खातो तोच. मुक्कामी पोचून गावात मिळेल तो भाताचा पेंढा घालायचा बेत बरेच जण करतात, आणि तिथेच फसतात. पेंढ्यात कस कमी, सिलिका जास्त. सवय नसलेल्या घोड्याने तो पोटभर खाल्ला आणि पाणी कमी प्यायला तर आतड्यात गोळा बसतो. चारा बदलायचाच असेल तर आठ-दहा दिवस थोडा थोडा मिसळत बदला.

चंदी म्हणजे भिजवलेला हरभरा, ओट किंवा गव्हाचा कोंडा, रोज दीड किलो, दोन वेळांत विभागून, तोबऱ्यातून (तोंडाला अडकवायच्या पिशवीतून). तोबरा लावला की बाजूला उभं राहा आणि संपला की काढा. तोबरा लावलेल्या घोड्याने पाण्यात तोंड घातलं तर तो गुदमरतो. सकाळी भिजवलेला हरभरा संध्याकाळी आंबूस वास देत असेल तर फेका. काम संपल्यावर घोडा थंड व्हायला तासभर द्या, मगच चंदी. मीठ रोज मूठभर, साधारण ३० ग्रॅम.

चंदी संपली म्हणून गावातल्या दुकानातून गाईचं किंवा कोंबड्यांचं खाद्य आणून घालू नका. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते पचतं, घोड्याचं हृदय मात्र थोड्या मात्रेतही निकामी करतं. युरिया घातलेलं खाद्यही तसंच टाळायचं.

पाणी घोड्यामागे दिवसाला तीस-पस्तीस लिटर, उन्हात चाललात तर जास्त. परक्या पाण्याला घोडा नाक मुरडतो. निघायच्या चार-पाच दिवस आधीपासून घरच्या बादलीत लिंबाएवढा गूळ विरघळवून द्या आणि मुक्कामीही तसंच करा, म्हणजे चव ओळखीची लागते. घोडा थेट व्हाळात उतरवण्यापेक्षा बादलीने पाजा. काठ ढासळत नाही, आणि किती प्यायला ते मोजता येतं. दुसऱ्या दिवशी लीद कोरडी, लहान गोळ्यांची झाली तर आधी पाण्याचा हिशेब बघा.

दोर

जुनी पद्धत अगाडी-पिछाडीची: पुढून दोन दोर, मागच्या पायांना दोर आणि लोखंडी मेखा. जांभ्यात मेख शिरत नाही, आणि पिछाडीची सवय नसलेला घोडा धडपडून पायाचं कातडं सोलून घेतो. म्हणून रानात दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर ताणलेला आडवा दोर बरा. इंग्रजीत त्याला हायलाइन म्हणतात.

झाडं मांडीएवढी तरी जाड, जिवंत, वर वाळलेली फांदी नसलेली. आईन उत्तम. गोव्यात त्याला माट्टी म्हणतात, आणि तो इथला राज्यवृक्ष आहे, तेव्हा साल जपणं आलंच. दोर थेट खोडाला गुंडाळला तर रात्रभराच्या हिसक्यांनी साल कापली जाते. ट्रकवर माल आवळायचा दोन इंची पट्टा आणि त्याखाली घडी घातलेलं गोणपाट वापरा, दोर त्या पट्ट्यात अडकवा. काजरा, बिबा आणि कण्हेर यांच्या जवळपासही बांधू नका. काजऱ्याच्या बीत स्ट्रिक्निन असतं, बिब्याच्या चिकाने कातडं उतरतं, कण्हेरीची मूठभर पानंसुद्धा घोड्याला मारायला पुरतात. कंटाळलेला घोडा हाताशी येईल ते चघळतो. रानमोडी आणि घाणेरीही खोडांभोवतीच्या सगळ्या कापून काढा. खाजकुयलीचा वेल वर लोंबत नाही ना ते मान वर करून बघा. हिवाळ्यात तिच्या शेंगा पिकतात आणि कूस वाऱ्यानेही उडते.

दोर बारा मिलिमीटरचा, पॉलिस्टरचा. ट्रॉलरवाले वापरतात तो चकचकीत प्लॅस्टिकचा दोर म्हापशाच्या बाजारात स्वस्त मिळतो, पण तो निसरडा असतो, गाठ सरकते. नायलॉन ताणला जातो आणि पहाटेपर्यंत दोर पोटाशी लोंबतो. सुंभ तर नकोच.

उंची सात फूट. म्हणजे ताणल्यावर घोडा मधोमध उभा करून, त्याने दोर खाली ओढला तरी डोक्यावर राहील एवढी. ताण द्यायला ट्रकवाल्यांची पद्धत वापरा: दोराच्या मध्ये एक न सरकणारा फास करा, मोकळं टोक पट्ट्यातून फिरवून त्या फासातून परत आणा, अंगाचं वजन टाकून ओढा आणि दोन अर्ध्या गाठी मारा. तासाभराने पुन्हा ओढा, पहिल्या ओढीत दोर कधीच पुरता बसत नाही.

घोड्याच्या जागेवर आडव्या दोरात न सरकणारा फास करून त्यात भोवरकडी (स्वतःभोवती फिरणारी कडी) अडकवा. भोवरकडी नसेल तर घोडा गोल फिरून दोराला पीळ घालतो, दोर आखूड होत जातो आणि पहाटे त्याचं तोंड वर टांगलेलं सापडतं. पहिला घोडा झाडापासून तीन मीटर, दोन घोड्यांत तीन मीटर. म्हणजे दोन घोड्यांना झाडांमधलं अंतर नऊ मीटर, तिघांना बारा. यापेक्षा जवळ बांधले तर घोडा मुळांशी उकरतो, नाहीतर शेजाऱ्याला लाथ बसते.

आता खाली येणाऱ्या दोराची लांबी. सगळे घोटाळे इथेच होतात. घोड्याशिवाय दोर सोडून बघा: म्होरकीला अडकवायचा हूक जमिनीपासून दीड-दोन फूट वर लोंबायला हवा. एवढ्यात नाक जमिनीला पोचतं, घोडा बसूही शकतो. हूक जमिनीला टेकत असेल तर रात्री पुढचा पाय दोरापलीकडे जाणार आणि खुराच्या वरच्या खळगीत दोर घासून मांस दिसणार. हूक छातीच्या उंचीवर असेल तर घोडा रात्रभर मान वर धरून उभा राहतो आणि सकाळी चालायला नाखूष असतो. वरची गाठ एका ओढीत सुटणारी. म्होरकी चामड्याची किंवा सुती घ्या. घोडा पडून अडकला तर ती तुटते, नायलॉनची तुटत नाही.

चाऱ्याची जाळी घोड्याच्या तोंडाच्या उंचीला बांधा. त्याहून खाली बांधली तर रिकामी झाल्यावर ती लोंबते आणि खूर अडकतो. जाळीपेक्षा ताडपत्रीवर थोडा थोडा चारा टाकणं सोपं, त्यात मातीही पोटात जात नाही.

रात्र

तंबू दोरापासून पंधरा-वीस मीटरवर, पायरव ऐकू येईल इतका. म्होरकीला लहानशी घंटा बांधा. घंटेचा नेहमीचा आवाज अचानक थांबला किंवा सगळ्याच घोड्यांचे कान एकाच दिशेला उभे राहिले, तर बाहेर या. बहुधा गवा किंवा रानडुक्कर असतं. मोठ्याने बोलत घोड्यांपाशी उभं राहिलं तरी पुरतं. एखादा सुटलाच तर मागे धावू नका. उरलेल्यांना हलवू नका आणि तोबऱ्यात चंदी खुळखुळवा. सुटलेला घोडा बहुधा सोबत्यांकडे किंवा आल्या वाटेने ट्रकपाशी येतो.

गोचीड ही इथली खरी काळजी. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो रोग गोचिडीने पसरतो. पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट, संध्याकाळी अंग तपासणं हे माणसांसाठी. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा आणि मुक्काम हलवा. घोड्याचे कान, आयाळीचं मूळ, शेपटीखालची आणि मांड्यांमधली जागा रोज खरारा करताना चाचपा. गुरांच्या गोचिडीवरचं अमिट्राझ घोड्याला कधीही लावू नका. त्याने आतड्याची हालचाल थांबते आणि शूळ उठून घोडा दगावू शकतो. परमेथ्रिनचं घोड्यांसाठीचं औषध पशुवैद्याकडून आणून ठेवा.

शूळ ओळखा: घोडा वळून वळून कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन खणतो, लोळतो, लीद टाकत नाही. चारा-चंदी लगेच काढा, हळू चालवा, नाडी मोजा. जबड्याच्या कडेखालची शीर बोटाखाली लागते. स्वस्थ घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. साठीच्या वर गेली आणि उतरेना तर रेंज मिळेल तिथवर जाऊन पशुवैद्याला फोन करा. बाटलीने तेल पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. साप नाकाला चावला तर नाक सुजून श्वास कोंडतो, कारण घोडा तोंडाने श्वास घेत नाही. २० मिलिलिटरच्या सिरिंजची दोन नळकांडी टोकं कापून, कडा घासून गुळगुळीत करून पेटीत ठेवा. सूज चढायच्या आत ती नाकपुड्यांत सरकवून चिकटपट्टीने धरा आणि पशुवैद्याकडे निघा.

आवरताना

एक घोडा दिवसाला बारा-पंधरा किलो लीद टाकतो. ती पाण्यापासून साठ मीटर लांब पातळ पसरा, नाहीतर गोणीत भरून कुळागरवाल्याला विचारा. माडा-पोफळींना हवी असते, सहसा नाही म्हणत नाहीत. सांडलेला चारा झाडून उचला, त्यातलं बी तिथे रुजायला नको. उकरलेले खड्डे भरून पायाने दाबा, वर पाचोळा ओढा. विस्तवाच्या जागी पाणी ओतून राखेत हात घालून बघा. आत ऊब लागली तर अजून एक बादली ओता. दोर सर्वांत शेवटी सोडा, घोडे ट्रकात चढल्यावर. एखादा चढायला अडला तर बाकीच्यांना परत बांधायला जागा लागते.