प्रोसेस मॅपिंग शिकताना या चुका टाळा : टेबलांच्या नाही, बिलाच्या मागे चाला

बिझनेस प्रोसेस मॉडेलिंग, म्हणजे कंपनीतलं एखादं काम कुठून कुठे कसं जातं याचं चित्र काढणं, नव्याने शिकणाऱ्यांची चित्रं पाहिली की एक गोष्ट बहुतेकांत सारखी दिसते. चौकोन भरपूर असतात, प्रत्येक विभागाचं नाव असतं, बाण नीट जोडलेले असतात. तरीही पुरवठादाराला पैसे उशिरा का मिळतात, याचं उत्तर त्या चित्रात कुठेच सापडत नाही. चित्र काढणाऱ्याने माणसं काय करतात ते विचारलेलं असतं, बिलाचं काय होतं ते विचारलेलं नसतं. शिकताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

म्हणून उदाहरण बिलाचंच घेऊ. चाकण किंवा भोसरीतला एखादा मध्यम कारखाना समजा. पर्चेसने पीओ (खरेदीची ऑर्डर) काढला, माल गेटवर आला, गेट एंट्री झाली, स्टोअर्सने मोजून घेतला, क्वालिटीने तपासला, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला, बिल अकाउंट्सकडे गेलं, बुक झालं, पास झालं आणि पेमेंट रिलीज झालं.

सुरुवात आणि शेवट चुकीच्या जागी

बहुतेक चित्रं ‘अकाउंट्सला बिल मिळालं’ इथून सुरू होतात, कारण माहिती अकाउंट्सने दिलेली असते. पण पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर एमएसएमईडी कायद्याची (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा कायदा) पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून, म्हणजे सहसा तो प्रत्यक्ष पोहोचल्यापासून, मोजली जाते. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या नियमानुसार (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) ही मुदत चुकवून दिलेली रक्कम प्रत्यक्ष ज्या वर्षी दिली त्याच वर्षी खर्च म्हणून धरली जाते. म्हणजे क्वालिटीच्या टेबलावर माल आठवडाभर पडून राहिला, तर तो आठवडा तुमच्या चित्राबाहेर जातो आणि कंपनीच्या करात मात्र दिसू शकतो.

कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी एक वाक्य लिहा : ही प्रोसेस कोणत्या घटनेने सुरू होते आणि कोणाच्या हातात काय पडल्यावर संपते? शेवट एकच असेल असंही धरून चालू नका. ‘पैसे दिले’ हा एक शेवट, ‘माल परत पाठवला’ हा दुसरा. दोन्ही वेगळे दाखवा.

एसओपी उतरवून काढणे

एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली लेखी पद्धत, वाचा, पण ती वाचून चित्र काढू नका. मॅनेजरच्या मुलाखतीवरही थांबू नका. प्रोसेस कशी असायला हवी ते मॅनेजर सांगतो, ती कशी चालते ते बिल बुक करणाऱ्याला माहीत असतं. मागच्या महिन्यातली दहा-पंधरा बिलं काढा. त्यातली निम्मी सरळ पास झालेली घ्या, निम्मी होल्डवर गेलेली. प्रत्येक बिल कुठे, कधी आणि का थांबलं ते त्या-त्या टेबलावर जाऊन विचारा. ‘साहेब बाहेरगावी असले की फोनवर विचारून पास करतो’ ही माहिती कुठल्याच एसओपीत मिळत नाही, आणि अशाच वाक्यांत खरी प्रोसेस असते.

खुणांच्या चुका

बीपीएमएन म्हणजे प्रोसेसची चित्रं काढण्याची ठरलेली चिन्हभाषा. तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली, आज वापरात असलेली २.० ही २०११ मध्ये, आणि २०१३ मध्ये ती आयएसओ १९५१० म्हणून मान्य झाली. तिच्या खुणांचे अर्थ ठरलेले आहेत, त्यात आवडीनिवडीला जागा नाही. इथे नवखे सर्वांत जास्त अडखळतात, म्हणून जरा थांबून पाहू.

पूल (इंग्रजी pool) म्हणजे स्वतंत्र पक्ष : आपली कंपनी एक, पुरवठादार दुसरा. लेन म्हणजे त्याच पक्षातले विभाग. अखंड बाण एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये खुशाल जातो, पण पूल ओलांडत नाही. दोन पूलांमध्ये तुटक रेषेचा निरोप जातो. पुरवठादाराकडून आपल्या स्टोअर्सपर्यंत अखंड बाण ओढला, तर त्याचा अर्थ पुरवठादाराचं काम आपणच चालवतो असा होतो. अकाउंट्स आणि स्टोअर्स यांना वेगवेगळे पूल देणं ही याचीच उलट बाजू. एकाच कंपनीची प्रोसेस त्यामुळे तुकड्यांत विखुरते.

गेटवे, म्हणजे वाट जिथे फुटते किंवा जुळते तिथला शंकरपाळा, निर्णय घेत नाही. ‘दर बरोबर आहे का?’ असा शंकरपाळा काढला, पण दर तपासण्याचा चौकोनच आधी नसेल, तर तपासतं कोण? आधी ‘दर पीओशी ताडून पाहणे’ हे काम, मग गेटवे. चौकोनात कृती लिहा, विभागाचं नाव नको. ‘अकाउंट्स’ हे काम नाही, ‘बिल बुक करणे’ हे काम आहे.

आता सर्वांत गुपचूप घुसणारी चूक. एका चौकोनातून थेट दोन बाण बाहेर काढले, तर शिकणाऱ्याच्या मनात ‘हे किंवा ते’ असतं. बीपीएमएनमध्ये त्याचा अर्थ ‘दोन्ही एकाच वेळी’ असा होतो. पर्याय दाखवायचा असेल तर गेटवे काढावाच लागतो.

फाटे फुटताना आणि जुळताना एकाच जातीचा गेटवे आहे ना, तेही बघा. मालाची मोजणी आणि क्वालिटी तपासणी एकाच वेळी सुरू केली (अधिक चिन्हाचा गेटवे), पण जुळवताना फुलीचा (अनेकांपैकी एकच वाट धरणारा) गेटवे लावला, तर पुढचं काम दोनदा होतं, म्हणजे चित्रानुसार पेमेंट दोनदा. उलट, फाटा फुलीच्या गेटवेने फोडला आणि अधिक चिन्हाने जुळवला, तर प्रोसेस कायमची अडकते, कारण जी शाखा कधी सुरूच झाली नाही तिची वाट पाहत बसते. तपासण्याचा मार्ग सोपा आहे. सुरुवातीच्या वर्तुळावर एक नाणं ठेवा आणि बाणांवरून ते सरकवत न्या. अधिक चिन्हापाशी फुटताना जितके फाटे तितकी नाणी करा आणि जुळताना सगळी आल्यावर एकच पुढे न्या, फुलीपाशी एकच फाटा निवडा. शेवटी नाणं कुठे अडकलं किंवा एकाची दोन होऊन बाहेर पडली, की चूक नेमकी कुठे आहे ते कळतं. चित्र काढायचं सॉफ्टवेअर हिरवी खूण दाखवतं म्हणून ही कसरत टाळू नका. सॉफ्टवेअर खुणांचं व्याकरण तपासतं, तुमचा अर्थ तपासत नाही.

चित्रात पन्नासच्या वर खुणा झाल्या की ते तोडा आणि उप-प्रोसेस वेगळ्या पानावर न्या.

चौकोन मोजले, मधली वाट विसरली

समजा, एका बिलावर सगळ्या विभागांचं मिळून प्रत्यक्ष काम पंचवीस मिनिटांचं आहे आणि बिल कारखान्यात वीस दिवस मुक्काम करतं. नवखा विश्लेषक त्या पंचवीस मिनिटांची वीस कशी होतील ते शोधतो. वीस दिवस मात्र बाणांमध्ये आहेत, चौकोनांमध्ये नाहीत. प्रत्येक बाणावर वाट पाहण्याचा वेळ लिहिण्याची सवय लावली, तर विश्लेषणाचं निम्मं काम झालंच म्हणा.

मुक्कामाचा वेळ काढायला घड्याळ घेऊन बसावं लागत नाही. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम पुरतो : थांबून असलेली बिलं भागिले रोज निघणारी बिलं. आत ६०० बिलं पडून आहेत आणि रोज ३० निघतात, तर सरासरी मुक्काम २० दिवस. आवक-जावक साधारण सारखी असेल तोवर हे गणित चालतं.

मग मॅनेजर म्हणतात, ‘माणसं पूर्णवेळ कामात आहेत, आणखी काय करणार?’ अडचण नेमकी त्या पूर्णवेळ कामातच असते. बिलं अनियमित अंतराने येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही सारखा नसतो. रांगांच्या सर्वांत साध्या गणितात टेबल ८० टक्के वेळ व्यग्र असेल, तर एका बिलाचा तिथला एकूण मुक्काम (रांग आणि काम मिळून) स्वतःच्या कामाच्या सरासरी पाचपट होतो, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर सगळं का तुंबतं ते यावरून समजतं.

पण वाट पाहणं दिसलं की छाटायचं, हीसुद्धा चूक आहे. सातबाऱ्यावरच्या फेरफाराचं बघा. खरेदीखत नोंदवलं की तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) फेरफार धरतात, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जमीन घेणाऱ्याला ते पंधरा दिवस नकोसे वाटतात, पण दुसऱ्या वारसाचा हक्क त्यांच्यावरच टिकून असतो. असा वेळ चित्रात ‘वाट पाहणे’ नावाच्या चौकोनाने दाखवू नका. तिथे घटनेवर चालणारा गेटवे लागतो : हरकत आली तर एक वाट, मुदत संपली तर दुसरी. छाटायची ती नोटीस निघण्याआधीची आणि मुदत संपल्यानंतरची रेंगाळ.

ईआरपीची तारीख खरी मानणे

प्रोसेस मायनिंगला, म्हणजे संगणकातल्या नोंदींवरून खरी प्रोसेस शोधून काढायला, किमान तीन गोष्टी लागतात : प्रकरणाचा क्रमांक, कामाचं नाव आणि वेळ. त्यातली वेळ सर्वांत फसवी असते. स्टोअर्स आठवडाभराचे जीआरएन शनिवारी एकदम टाकत असेल, तर ईआरपीनुसार, म्हणजे कंपनीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनुसार, सगळा माल शनिवारीच आला. एकाच दिवशी विचित्र गर्दी दिसली की आधी गेट रजिस्टरशी ताडून पाहा. प्रकरण कोणतं धरायचं हेही आधी ठरवा. एका पीओवर पाच बिलं असतील आणि तुम्ही पीओ हेच प्रकरण धरलं, तर ‘बिल बुक करणे’ पाच वेळा दिसतं आणि नसलेलं फेरकाम सापडतं.

सरासरीवरही विसंबू नका. सरळ जाणारी बिलं चार दिवसांत आणि होल्डवरची चाळीस दिवसांत निघत असतील, तर त्यांची सरासरी कोणत्याच बिलाची गोष्ट सांगत नाही. होल्डची कारणं वेगळी मोजा. दर, संख्या, पीओच नसणं, जीएसटी क्रमांक... बहुतेक वेळा दोन कारणं बाकी सगळ्यांवर भारी पडतात.

आहे तेच सॉफ्टवेअरमध्ये घालणे, किंवा दुसऱ्याचं उचलणे

अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये फोर्डच्या बिल विभागाचा दाखला दिला. उत्तर अमेरिकेत त्या विभागात पाचशेहून जास्त माणसं होती, आणि संगणक आणून वीस टक्के कमी करण्याचा विचार चालला होता. माझ्दामध्ये तेच काम पाच माणसं करत होती. मग फोर्डने ताडून पाहण्याचं काम माल उतरवण्याच्या धक्क्यावर नेलं. ऑर्डर संगणकात, माल जुळला तर स्वीकार आणि पेमेंट, नाही तर परत. बिलाची गरजच काढून टाकली आणि माणसं पंचाहत्तर टक्क्यांनी घटली.

हे वाचून आपल्याकडेही बिल रद्द करू, असा प्रस्ताव उत्साहाने येतो. पण जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घ्यायला कर-बिल हातात लागतं आणि ते जीएसटीआर-२बीमध्येही (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून बनणारं विवरण) दिसावं लागतं. बिल रद्द होणार नाही. त्यामागचा विचार मात्र उचलता येतो : दर आणि संख्या अकाउंट्समध्ये पंधरा दिवसांनी ताडण्याऐवजी गेटवरच, पीओ समोर ठेवून ताडा. पीओ नसलेला माल आत घेऊ नका. मग पास करण्याच्या तीन सह्यांपैकी किती उरतात ते पाहा. पीओवर एकदा मंजूर झालेला दर बिलावर पुन्हा मंजूर करण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

बदल सुचवताना वेळ, खर्च, दर्जा आणि लवचिकता, चारही बाजू तपासा. गेटवर कडक नियम लावला की वेळ वाचतो, पण मशीन बंद पडल्यावर तातडीने आणलेला बेअरिंगही अडतो. अशा खरेदीसाठी मर्यादा ठरवून वेगळी वाट चित्रात काढा. नाहीतर लोक ती चित्राबाहेर काढतील.

आणखी एक गोष्ट बहुतेक आराखड्यांतून सुटते. नवी पद्धत ज्या दिवशी सुरू होते, त्या दिवशी शेकडो बिलं जुन्या पद्धतीत अर्ध्यावर असतात. कोणत्या तारखेनंतरचे पीओ नव्या वाटेने जाणार, जुनी बिलं कोण संपवणार आणि पहिला महिनाभर अडलेल्या बिलावर रोज निर्णय कोण देणार, हे नावानिशी लिहून ठेवा. दोन्ही वाटांच्या बिलांचा मुक्काम वेगळा मोजा. जुना साठा एकदम निपटला की पहिल्या महिन्याचे सगळ्या बिलांचे एकत्र आकडे आधीपेक्षाही वाईट दिसतात आणि चांगला बदल तेवढ्यावरून मागे घेतला जातो.