सॉफ्टवेअरची वापरसुलभता कशी तपासावी

‘सॉफ्टवेअर वापरायला सोपे आहे’ हा शेरा निकष म्हणून निरुपयोगी आहे, कारण ते कोणाला, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या परिस्थितीत सोपे आहे, हे त्यातून कळत नाही. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेचे (आयएसओ) 9241-11 हे मानक या तिन्ही गोष्टींच्या संदर्भातच परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान यांचा विचार करते. म्हणून आधी वापरकर्ते आणि त्यांची नेहमीची चार-पाच कामे ठरवावीत आणि तीच कामे त्यांना करायला सांगून चाचणी घ्यावी.

पहिल्या दोन निकषांची मोजणी सरळ आहे: मदतीशिवाय काम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण आणि त्यांना लागलेला वेळ. समाधानासाठी जॉन ब्रुक यांनी 1986 मध्ये तयार केलेली दहा विधानांची एसयूएस (सिस्टम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली पुरते. तिचे गुण 0 ते 100 असले तरी ते टक्के नव्हेत. सरासरी 68 च्या आसपास मानली जाते, त्यामुळे 70 गुणांवर कोणी पाठ थोपटून घेऊ नये.

खरी कसोटी कामाच्या शब्दांकनात लागते आणि बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका नेमकी हीच पायरी दोन ओळींत उरकतात. पडद्यावरच्या बटणावर ‘पत्ता बदला’ असे लिहिलेले असताना वापरकर्त्यालाही ‘पत्ता बदला’ असेच सांगितले, तर तो केवळ शब्दाला शब्द जुळवतो आणि आपण त्याची वाचनाची परीक्षा घेतो. त्याऐवजी ‘तुम्ही नव्या घरी राहायला गेला आहात, यापुढची बिले तिथे यावीत अशी व्यवस्था करा’ असे सांगावे.

काम पूर्ण झाले असे कधी म्हणायचे, हेही चाचणीपूर्वीच लिहून ठेवावे. वापरकर्ता समाधानाने ‘झाले’ म्हणतो, पण माहिती जतन झालेलीच नसते. असा प्रयत्न माझ्या मते निःसंशय अपयशात धरावा, किंबहुना अडकून मदत मागणाऱ्यापेक्षा तो गंभीर समजावा, कारण आपली चूक झाल्याचे त्या माणसाला ठाऊकच नसते. चाचणी चालू असताना सूचक मान हलवणे, ‘वर बघा’ म्हणणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. तज्ज्ञ सहकाऱ्याला शेजारी बसवूच नये, त्याला राहवत नाही.

दोष शोधण्यासाठी एका फेरीत पाच वापरकर्ते बहुधा पुरतात, मात्र तेवढ्यावरून टक्केवारी जाहीर करू नये. सापडलेल्या दोषांना वापरसुलभता तज्ज्ञ जेकब निल्सन यांच्या 0 ते 4 (4 म्हणजे सर्वांत गंभीर) या श्रेणीनुसार गांभीर्य द्यावे, 4 श्रेणीचे दोष प्रकाशनापूर्वी दुरुस्त करावेत आणि तीच कामे नव्या वापरकर्त्यांकडून पुन्हा करून घ्यावीत.