कॅलिफोर्नियात नववी ते बारावीचे विषय कसे आखावेत

महाराष्ट्रात दहावीनंतर शाखा ठरली की पुढचे विषय जवळपास आपोआप ठरतात. कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलमध्ये तशी शाखा नसते. दरवर्षी साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान मुलांनी पुढच्या वर्षाचे सहा-सात विषय स्वतः निवडायचे असतात, आणि नववीतली निवड बारावीत भोवते. त्यातली मुख्य गोम अशी, की शाळेचा डिप्लोमा मिळवण्याची यादी वेगळी आणि कॉलेजला पात्र ठरण्याची यादी वेगळी. पहिली पूर्ण झाली म्हणून दुसरी होत नाही. तीन वर्षं इंग्रजी आणि दोन वर्षं गणित करून राज्याची अट भागते, यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) नाही. म्हणून आखणी लांब यादीवरून करायची, आखूड यादी त्यात बसवायची.

दोन याद्या

राज्याची किमान अट: इंग्रजी ३ वर्षं, गणित २, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं ३ (जागतिक इतिहास, अमेरिकेचा इतिहास आणि शेवटी अर्धं वर्ष शासनव्यवस्था, अर्धं वर्ष अर्थशास्त्र), पीई (शारीरिक शिक्षण) २, शिवाय कला, परकी भाषा किंवा व्यवसायशिक्षण यांपैकी एक वर्ष. यावर प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारी स्थानिक संस्था) आपली भर घालतं. बऱ्याच ठिकाणी एका सेमिस्टरच्या (अर्ध्या वर्षाच्या) विषयाला ५ क्रेडिट असतात आणि डिप्लोमासाठी २२० च्या आसपास लागतात. नेमका आकडा शाळेच्या कोर्स कॅटलॉगमध्ये मिळेल. २०३०-३१ मध्ये बाहेर पडणाऱ्या वर्गापासून पर्सनल फायनान्सचा एक सेमिस्टरही सक्तीचा आहे.

यूसी आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या दोन्ही सरकारी विद्यापीठांची यादी 'ए-जी' नावाने ओळखली जाते. वर्षभराचे १५ कोर्स, प्रत्येकात किमान सी ग्रेड. यूसीला त्यातले ११ बारावी सुरू होण्याआधी झालेले लागतात.

- ए: इतिहास २ वर्षं
- बी: इंग्रजी ४
- सी: गणित ३ (अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २), शिफारस ४ ची
- डी: विज्ञान २ (बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स यांपैकी दोन), शिफारस ३ ची
- ई: इंग्रजीखेरीज एकच भाषा २ वर्षं, शिफारस ३ ची
- एफ: कला १, एकाच प्रकारात. अर्धं वर्ष चित्रकला आणि अर्धं वर्ष नाटक अशी मोट बांधू नका.
- जी: ऐच्छिक १

'शिफारस' हा शब्द सौम्य वाटतो, पण मागणी असलेल्या कॅम्पसांसाठी आणि चांगल्या खासगी कॉलेजांसाठी ती अटच धरून चाला.

चोवीस खाने

कागदावर चार रकाने आणि सहा ओळी आखा: चार वर्षं, रोजचे सहा तास. हे झाले २४ खाने. (शाळेत सात तास असतील तर २८, आणि बरीचशी ओढाताण संपते.) आता भरत जा. इंग्रजी ४, गणित ४, विज्ञान ३, भाषा ३, इतिहास २, कला १, बारावीचं शासनव्यवस्था-अर्थशास्त्र १, पीई २. झाले २० खाने. बारावीचे ते दोन सेमिस्टर सहसा 'जी'मध्ये मोजले जातात, त्यामुळे जीसाठी वेगळा कोर्स शोधण्याची गरज सहसा पडत नाही.

उरले चार. त्यातच चौथं विज्ञान, कॉम्प्युटर सायन्स आणि हेल्थसारख्या डिस्ट्रिक्टच्या अटी बसवायच्या. मुलाला चारही वर्षं बँडमध्ये राहायचं असेल, तर कलेचा एक खाना धरलेला आहे, उरलेल्या तीन वर्षांसाठी चारातले तीन गेले. मग एकच खाना राहतो. बँड सोडा असं आमचं म्हणणं नाही. पण हा हिशोब नववीतच मांडलेला बरा, नाहीतर अकरावीत फिजिक्स की ट्रम्पेट अशी भांडणं होतात. काही डिस्ट्रिक्टमध्ये मार्चिंग बँड किंवा शाळेच्या संघातला खेळ पीईत धरतात. हे काउन्सेलरला (विषयनिवडीत मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला) विचारून घ्या, कारण दोन खाने मोकळे होऊ शकतात.

खाना भरताना कोर्सचं नाव यूसीच्या 'ए-जी कोर्स लिस्ट'मध्ये शाळेचं नाव टाकून तपासा. ही यादी शाळागणिक वेगळी असते. नावात विज्ञान आहे म्हणून कोर्स डीमध्येच असेल असं नाही. काही जीमध्ये टाकलेले असतात, काही यादीत नसतातच. उन्हाळ्यात बाहेरच्या संस्थेचा ऑनलाइन कोर्स घ्यायचा असेल तर त्या संस्थेच्या नावाने शोधा, आणि शाळा तो ट्रान्सक्रिप्टवर (सगळे कोर्स आणि ग्रेड असलेल्या गुणपत्रकावर) चढवणार का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

गणिताची शिडी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण गणितात पायरी सहज गाळता येत नाही. नववीत अल्जिब्रा १ असेल तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोचता येतं. इंजिनिअरिंग, फिजिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सकडे ओढा असेल तर बारावीत कॅल्क्युलस असलेलं चांगलं. त्यासाठी नववीत जॉमेट्री हवी, म्हणजे अल्जिब्रा १ आठवीत. ते हुकलं असेल तर दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकत्र घेता येतं, पण त्यात एक खाना जास्त जातो. उन्हाळ्यात जॉमेट्री उरकण्याचा मार्गही आहे. वर्षाचा अभ्यास काही आठवड्यांत कोंबलेला असतो, आणि अल्जिब्रा कच्चं असलेलं मूल पुढे अल्जिब्रा २ मध्ये अडकतं. तिथे घाई करू नये.

तीन बारकावे. आठवीतलं अल्जिब्रा यूसी मोजतं, पण राज्याच्या डिप्लोमासाठी नववी ते बारावीत गणिताचे दोन कोर्स करावेच लागतात. जॉमेट्री वगळून थेट पुढे गेलेलं यूसीला चालत नाही. आणि डेटा सायन्स हा अल्जिब्रा २ चा पर्याय नाही. घ्यायचा तर त्यानंतर घ्या. शाळेत मॅथ १, २, ३ अशी एकत्रित पद्धत असेल तर ते तीन मिळून हीच शिडी होते.

ग्रेड, एपी आणि बोनस

डी ग्रेडवर शाळा पास करते, ए-जी करत नाही. गणित आणि भाषेत वरच्या पायरीत सी मिळाला तर खालचा डी बऱ्याचदा भरून निघतो; इंग्रजी आणि इतिहासाला ही सवलत नाही, तिथे कोर्स पुन्हा करावा लागतो. म्हणून इंग्रजीत डी आला की त्याच उन्हाळ्याची जागा धरा, बारावीपर्यंत लांबवू नका.

यूसीचा जीपीए (ग्रेडची सरासरी) नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ए-जी कोर्सांवर निघतो. ए म्हणजे ४, बी ३, सी २. अधिक-उणे चिन्हं धरत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्याला किमान ३.० लागतो, सीएसयूला २.५. एपी (हायस्कूलमध्येच घेतलेला कॉलेज पातळीचा कोर्स) किंवा मान्य ऑनर्स (वरच्या पातळीच्या) कोर्सात सी किंवा वर असेल तर एक गुण वाढतो, पण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरांना, त्यातही दहावीचे चारच. म्हणजे सहा एपी घेतले तरी बोनस चार वर्षभराच्या कोर्सांएवढाच. हा बोनस वर्गातल्या ग्रेडमुळे मिळतो, मे महिन्यातल्या एपी परीक्षेमुळे नाही. परीक्षेत ३ किंवा वर गुण आले तर यूसीत क्रेडिट मिळतं, ती वेगळी गोष्ट. नववीचे ग्रेड या आकड्यात नाहीत म्हणून ते वर्ष ढिलं सोडू नका: बरीच खासगी कॉलेजं ते बघतात. एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण मात्र यूसी आणि सीएसयू प्रवेश ठरवताना बघतच नाहीत.

कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा) तीन युनिटांचा सेमिस्टर कोर्स ए-जीत वर्षभराचा धरला जातो, आणि विद्यापीठाला ट्रान्सफर होणारा असेल तर बोनसही मिळतो. त्यासाठी शाळेची सही असलेली परवानगी लागते. तिथला ग्रेड कायमचा कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर राहतो आणि लपवता येत नाही. ड्रॉपची (कोर्स सोडण्याची) तारीख आधी बघूनच नाव घाला.

मराठी मोजतात का?

मूल भारतात मराठी माध्यमात सहावीपासून पुढे दोन वर्षं शिकलं असेल, तर त्या गुणपत्रिकांवर यूसीची भाषेची अट भागू शकते. इंग्रजी माध्यमात विषय म्हणून घेतलेली मराठी यात येत नाही. शनिवार-रविवारच्या मराठी शाळेला काही डिस्ट्रिक्ट क्रेडिट देतात, पण डिस्ट्रिक्टचं क्रेडिट आणि ए-जी या दोन गोष्टी आहेत. काउन्सेलरकडून ईमेलवर उत्तर घ्या. अट भागली तरी खासगी कॉलेजांचा विचार असेल तर शाळेत स्पॅनिश वा फ्रेंच दोन-तीन वर्षं घ्यावी, असा आमचा सल्ला आहे.

तपासणी आणि बारावी

दर जूनमध्ये ट्रान्सक्रिप्ट मागवून तक्त्याशी ताडा: कोर्सचं नाव, दोन्ही सेमिस्टर, ग्रेड. ट्रान्सफर होऊन आलेल्या मुलांच्या बाबतीत क्रेडिट चढवायचं राहून जाणं नेहमीचं आहे. काउन्सेलरच्या हाताखाली शेकडो मुलं असतात. प्रश्न नेमका आणि लेखी असेल तर उत्तर लवकर येतं.

यूसीचा अर्ज बारावीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरतात. त्यात ग्रेड स्वतः लिहायचे असतात, आठवणीतून नव्हे, ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून. अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत जातो आणि तेव्हा ताडून पाहिलं जातं. अर्जात लिहिलेला कोर्स जानेवारीत सोडला, किंवा वसंत सेमिस्टरमध्ये डी आला, तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. तसं काही घडलं तर जुलैची वाट न बघता अ‍ॅडमिशन ऑफिसला पोर्टलवरून लगेच कळवा, आणि कारणाबरोबर तो कोर्स उन्हाळ्यात कुठे भरून काढणार तेही लिहा.