चेक ट्रे कसा वाचावा: कोळंबीचे खाद्य, वाढ आणि आजाराची पहिली चाहूल

माशांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून काही माशांना लस देता येते. कोळंबीत ती यंत्रणाच नाही. तिचा बचाव कवच आणि रक्तपेशींवर चालतो, आणि तो टिकतो पोटात नीट अन्न गेले तर. शिवाय मेलेली कोळंबी आधी तळाशी बसते आणि बाकीच्या तिला खातात. काठावर मरतूक दिसू लागते तोवर बरेच काही घडून गेलेले असते. त्याच्या कितीतरी आधी बदलते ती भूक, आणि भूक मोजायचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे चेक ट्रे: थोडे खाद्य घालून तळाशी ठेवायची आणि ठरावीक वेळाने उचलून पाहायची जाळीची थाळी. इथले आकडे व्हनामी कोळंबीसाठी आहेत.

ट्रे कुठे ठेवावा

सुमारे 80 सेंटीमीटर रुंदीची चौकट, बारीक जाळी, खाद्य सांडू नये म्हणून थोडी उभी कड आणि खाली वजन. अर्ध्या हेक्टरच्या तळ्याला चार ट्रे लावावेत, चारही बाजूंना एकेक. ट्रे बांधाच्या उतारावर नको. तळ सपाट होतो तिथे, पूर्ण टेकलेला असावा. एरेटरच्या (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) समोर ठेवला तर प्रवाहात खाद्य उडून जाते आणि ट्रे रिकामा दिसतो. एरेटरने मध्यभागी गोळा केलेल्या काळ्या गाळावर ठेवला तर कोळंबी तिकडे फिरकतच नाही आणि खाद्य उरलेले दिसते. दोन्ही वाचने खोटी.

पहिला महिना

पिल्ले लहान असताना ट्रेवर भरवसा ठेवता येत नाही. 1 लाख बीजाला पहिल्या दिवशी साधारण 2 किलो खाद्य आणि पुढे रोज थोडी वाढ, अशा ठरावीक तक्त्याने जावे. पंधराव्या दिवसापासून मात्र ट्रेमध्ये चिमूटभर खाद्य टाकायला सुरुवात करावी, म्हणजे कोळंबीला त्याची सवय लागते.

हिशेब

आठवड्यातून एकदा फेकजाळे टाकून सरासरी वजन काढावे. समजा 1 लाख बीज सोडले, 80 टक्के जगले असा अंदाज आहे आणि वजन 10 ग्रॅम भरले. म्हणजे तळ्यात 800 किलो कोळंबी. या वजनाला रोजचे खाद्य सुमारे 3 टक्के धरले तर 24 किलो. चार वेळांत विभागून प्रत्येक वेळी 6 किलो. कोळंबी 5 ग्रॅमची असताना हे प्रमाण 4 टक्क्यांच्या वर असते, 20 ग्रॅमला ते सव्वादोनच्या आसपास उतरते.

यातला कच्चा दुवा म्हणजे जगण्याचा अंदाज. तो 80 धरला आणि प्रत्यक्षात 60 असेल तर रोज 6 किलो खाद्य गाळात जाते, अमोनिया वाढतो आणि आजाराला वाट मोकळी होते. म्हणून हिशेब फक्त सुरुवातीला. शेवटचा शब्द ट्रेचा.

ट्रे भरणे आणि उचलणे

आधी पूर्ण तळ्यात खाद्य फेकावे, मग ट्रे. एका वेळच्या दर किलो खाद्यामागे प्रत्येक ट्रेमध्ये 3 ग्रॅम, म्हणजे वरच्या उदाहरणात 18 ग्रॅम. हे वजन काट्यावर करावे, मुठीने नाही. लहान कोळंबीसाठी अडीच तासांनी, 10 ग्रॅमच्या पुढे दोन तासांनी ट्रे उचलावा. उशीर केला तर चिंबोऱ्या आणि आत शिरलेले मासेही ताव मारतात. झटक्याने उचलू नये. विष्ठा धुऊन जाते, आणि निम्मी माहिती तिच्यातच असते.

चारही ट्रे साफ असतील तर दुसऱ्या दिवशी 5 टक्के वाढ. एखाद्यात चार दाणे असतील तर तेवढेच चालू ठेवावे. सगळ्यांत दहावा हिस्सा उरला तर 10 टक्के कपात, चौथा हिस्सा उरला तर 30 टक्के. वाढवताना हात आखडता, कमी करताना मोकळा. एक वेळ उपाशी राहिल्याने कोळंबीचे फारसे बिघडत नाही, कुजलेल्या खाद्याने पाणी मात्र बिघडते.

उरले तर का उरले

आधी पाणी तपासावे, औषधाचा डबा नंतर. पहाटे विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली गेला की भूक मंदावते. 3 च्या खाली असेल तर खाद्य टाकूच नये, एरेटर वाढवावेत. पाण्याचे तापमान 26 अंशांच्या खाली गेले तरी तेच होते. सलग ढगाळ हवा, दुपारी 8.5 च्या वर जाणारा सामू (पीएच) आणि सोबत अमोनिया हेही कारण असू शकते. सामू आणि तापमान चढले की तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

ट्रेमध्ये पारदर्शक टरफले आणि मऊ कोळंबी दिसली तर ती कात टाकते आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हे बऱ्याचदा एकदम घडते. दोन दिवस खाद्य कमी, ऑक्सिजन जास्त, जाळे बंद. कमी खारट पाण्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही द्यावे, नाहीतर कवच घट्ट व्हायला वेळ लागतो.

ट्रेमधली कोळंबी

प्रत्येक ट्रेमधून चार-पाच कोळंब्या उजेडात धराव्यात. आतडे सलग भरलेले आणि खाद्याच्या रंगाचे हवे. डोक्याकडचे यकृत-स्वादुपिंड गडद, टपोरे असावे. सोडल्यापासून पहिल्या 35 दिवसांत ते फिकट, आक्रसलेले आणि आतडे रिकामे दिसले तर विब्रिओ जिवाणूमुळे होणाऱ्या तीव्र आजाराचा संशय घ्यावा. खाद्य अचानक उरू लागले, कोळंबी काठाशी सुस्त फिरते आणि कवचावर आतून पांढरे ठिपके दिसले तर श्वेतठिपका विषाणू. पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा तरंगत असेल तर आतड्याचा त्रास आहे. नेमके कारण प्रयोगशाळाच सांगेल.

ईएचपी, म्हणजे यकृत-स्वादुपिंडात वाढणारा सूक्ष्म परजीवी, मात्र ट्रेला फसवतो. भूक जवळजवळ तशीच राहते, ट्रे साफ होतात, पण आठवड्याच्या वजनात वाढ नाही आणि एकाच जाळ्यात लहान-मोठी कोळंबी येते. म्हणून ट्रेची वही आणि वजनाची वही शेजारी ठेवून वाचावी.

पूरक द्यायचे तर

व्हिटॅमिन सी किंवा बीटा-ग्लुकन थोड्या पाण्यात कालवून खाद्यावर शिंपडावे, वर बाइंडर (पूरक खाद्याला चिकटवून ठेवणारा पदार्थ) चढवावा आणि सावलीत अर्धा तास सुकवून टाकावे. हे भूक शाबूत असताना. खाणे थांबलेल्या कोळंबीच्या पोटात ते जाणार कसे? प्रतिजैविक विषाणूवर किंवा ईएचपीवर चालत नाही, आणि त्याचा अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो.

संशय आला तर

खाद्य निम्म्यावर किंवा बंद. पाणी बाहेर सोडू नये, नाहीतर शेजारचे तळेही जाते. त्या तळ्याचे जाळे, ट्रे, बादल्या दुसरीकडे नेऊ नयेत. काठाशी आलेल्या, अजून जिवंत असलेल्या आठ-दहा कोळंब्या 95 टक्के इथेनॉलमध्ये बुडवून पीसीआर चाचणीला पाठवाव्यात. मोठ्या असतील तर डोक्याकडच्या कवचाला छेद द्यावा, म्हणजे द्रव आत पोचतो. मरून लाल पडलेल्या कोळंबीचा नमुना सहसा वाया जातो.