पहिल्याच अंकात मारू नका: पूर्वसूचना आणि आयरनी लिहिताना या चुका टाळा

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या आसपासच्या नाटक मंडळांसाठी मी दरवर्षी पाच-सात नव्या संहिता वाचतो. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावोगावची जत्रा, मग शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि पट तिथे रात्री नाटक, त्यामुळे लिहिणाऱ्याला घाई असते हे मला समजते. पण दरवर्षी त्याच त्या चुका पाहून जीव कंटाळला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अपशकुनालाच पूर्वसूचना, म्हणजे पुढच्या घटनेची आधीच पेरलेली खूण, समजणे. तीन वर्षांआधी एका पोरानं नाटक लिहिलं, विषय सोन्यासारखा, रात्री धानाला पाणी द्यायला गेलेला लहान भाऊ मोटरच्या स्टार्टरचा करंट लागून जातो. आता त्यानं केलं काय, पहिल्या प्रवेशात दिवा विझवला, मग पाल चुकचुकली, मग घुबड ओरडलं, आणि अंक संपता संपता बायकोचं मंगळसूत्र तुटलं, वरून ऑर्गनवर भीतीचा सूर. मी म्हटलं, बापू, यातले तीन तरी काढ. तो म्हणे, "नाही सर, पब्लिकले कळलं पाहिजे ना." पब्लिकला कळलं. रात्री साडेअकरालाच माझ्या मागची आजी शेजारणीला म्हणाली, "हा पोट्टा मरते वो माय." पहाटे चारला तो मेला तेव्हा अर्धा मांडव चहाच्या दुकानावर उभा होता आणि जे बसले होते त्यांचे डोळे कोरडे होते. त्या नटानं जीव तोडून काम केलं होतं, मला त्याचंच फार वाईट वाटलं.

बी पेरायचं तर मातीखाली जायला पाहिजे. माझी सवय अशी की शेवट आधी लिहितो, मग मागे जाऊन पहिल्या दोन अंकात दोनच जागा शोधतो, तिसरी नाही, आणि त्या गोष्टीला त्या प्रवेशात स्वतःचं काम पाहिजे. पुढच्या सीझनला तेच नाटक आम्ही असं केलं: पहिल्या अंकात नवरा-बायकोचं पैशावरून भांडण. ती म्हणते, "वायरमनचे तीनशे रुपये देऊन टाका, मोटरच्या पेटीचं झाकण पंधरा दिवसापासून लटकून राहिलं." तो म्हणतो, "धान निघू दे, आधी पोरीची फी." लोक भांडणात रमतात, फीकडे लक्ष जाते, पेटी कानावरून जाते. दुसऱ्या अंकात लाईन रात्री साडेबाराला येते एवढं एक वाक्य. बस. पहाटे लहान भाऊ ओल्या हातानं पेटीकडे निघाला तर मांडवातून एक बाई उठून ओरडली, "हात नको लावू रे!"

हे तंत्र आपल्याच मातीतलं आहे. संस्कृत नाटककार भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा, तसं तो स्वतः सांगतो, आणि ते गाव म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं आमगावजवळचं पदमपूर असं अभ्यासक मानतात. त्याच्या उत्तररामचरित नाटकाच्या पहिल्या अंकात सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपली आहे, राम म्हणतो हिचं सगळंच मला प्रिय, सहन होणार नाही तो फक्त विरह, आणि तेवढ्यात द्वारपालीण येऊन म्हणते, "महाराज, आला." कोण आला? दुर्मुख, लोकांची कुजबुज घेऊन आलेला हेर. ती बाई आपलं रोजचं काम करून राहिली, पण ऐकणाऱ्याला वाटते विरहच दारात आला. भरताच्या नाट्यशास्त्रात अशा जागेला पताकास्थानक म्हणतात. इथे ना घुबड आहे, ना पाल.

दुसरी चूक सस्पेन्सच्या नादातली. सगळं शेवटपर्यंत लपवून ठेवतात आणि मग शेवटच्या दहा मिनिटांत पात्रं उभ्याउभ्या खुलासे करत बसतात. शाकुंतलात बघा, दुर्वासाचा शाप चौथ्या अंकात दोघी सखी ऐकतात आणि आपण ऐकतो, शकुंतलेला पत्ताच नाही. म्हणून पाचव्या अंकात ती भर दरबारात अंगठी दाखवायला जाते नि बोट रिकामं निघते, तेव्हा आपला जीव तुटतो. शाप शेवटी सांगितला असता तर तोवर दुष्यंत नुसता खोटारडा दिसला असता. आणि ती अंगठी पहिल्या अंकातच दिसून गेली असते, झाडांना पाणी घालायचं शकुंतलेवरचं देणं फेडायला राजाच ती काढून देतो, सखींच्या थट्टामस्करीत. हेच पेरणं.

लग्नात पाऊस आला म्हणजे आयरनी झाली, हेही डोक्यातून काढा. तो नुसता पाऊस. पावसाच्या भीतीनं जूनचं लग्न मेमध्ये ओढलं, मेमध्ये अवकाळी आला आणि जूनची ती तारीख कोरडी गेली, ही आयरनी. माणसानं टाळायला जे केलं त्यातूनच ते घडलं पाहिजे.

"त्याला काय माहीत होतं ही भेट शेवटची आहे" हे वाक्य दिसलं की मी खोडतो. पात्राच्या तोंडी "दैवाचा काय खेळ हा" असेल तर तेही.

मायनं "जातो नको म्हणू, येतो म्हण" असं सांगायचं आणि पोरगा परत येत नाही, हे फार वापरून झालं, आता नको.

बोलण्यातला उपरोध कागदावर आणताना सूर मागेच राहून जातो, हे नवीन पोरं विसरतात. चौकात "आले बा, लवकर आले!" म्हटलं की आवाजावरून कळते. तेच मोबाईलवर टाकलं की गेलं. आमच्या ग्रुपवर एकानं रागानं "वा, काय रस्ता झाला" एवढंच लिहिलं, तर खाली चार जणांनी अभिनंदन केलं आणि ज्याची तक्रार होती ती तशीच राहिली. स्तुतीच्या बाजूला एक खरी, मोजता येणारी गोष्ट ठेवत जा: "वा, काय रस्ता झाला, दोन किलोमीटरला पाऊण तास." व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून केलेली निंदा, त्या पाऊण तासानं उभी राहते, उद्गारचिन्हानं नाही आणि हसऱ्या चेहऱ्यानं तर नाहीच.

मंडळाला देण्याआधी प्रत्येक संहिता मी मोठ्या आईला वाचून दाखवतो. तिनं आयुष्यभर नाटकं पाहिली, रात्र रात्र बसून. पहिला अंक झाला की विचारतो, पुढे काय होते सांग. मागच्या महिन्यातल्या संहितेचा शेवट तिनं दुसऱ्या पानावरच सांगितला, ती मी लिहिणाऱ्याकडे परत पाठवली.